चिखलाविना धान

आषाढाच्या दुधी, ढगाळ उजेडात सुमनवहिनी रोवणीला उतरली, की चिखलातून उठणारा तिच्या पावलांचा ओला, संथ नाद बांधावर बसल्या बसल्या ऐकू येई. ती माझ्या थोरल्या भावाची बायको. कापूस-तुरीच्या आमच्या मुलखात नाल्याकाठच्या दोन खोलगट बांध्या तेवढ्या धानाच्या. त्यांत बायांच्या रांगेत सगळ्यांत पुढे तीच असायची. तिच्या बोटांतून पऱ्ह्यांची रोपं अशी सुटत, जणू पाण्यावर कुणी हिरवी अक्षरं गिरवत आहे.

मग तिच्या कमरेत दुखणं मुक्कामाला आलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं आणि दादा धान सोडून देण्याच्या गोष्टी करू लागला. वहिनी वाद घालत नसे. पण बांधावर बसून उघड्या जमिनीकडे पाहणाऱ्या तिच्या नजरेत, गळा गेलेल्या गायिकेचं मौन असे.

माहेरी, भावाच्या शेतात, तिने चिखल न करता टोकलेलं धान पाहिलं होतं. वैशाखातल्या एका संध्याकाळी दादाला वाढता वाढता ती म्हणाली, “एक बांधी मले द्या. गादीवाफे एकदाच पाडायचे, मंग नांगर नाही, चिखल नाही. उभ्यानं टोकते मी.”

“चिखलाबिगर धान? लोक हासतीन.”

“हासू द्या. मले नुसतं घरात बसवू नका.”

दादाने एका बांधीत मातीचे उंच, सपाट वाफे पाडून दिले. पाऊस पडून माती ओलावली तशी वहिनी ताठ कण्याने चालू लागली. टोकदार काठीने भोक पाडायचं, पोकळ बांबूतून दाणे सोडायचे, पायाने माती सारायची. तिच्या त्या सावकाश, उभ्या चालीत मला प्रथमच तिची खरी उंची दिसली.

धानाबरोबर तणही उगवलं. रोवणीतली तिची जुनी सोबतीण कमलाबाई बांधावर येऊन थांबली.

“आता आमाले बलावत नाहीस का वं?”

“निंदणाले ये, कापणीले ये. एकटीनं मले करमते का?”

त्या दिवसापासून त्या बांधीत पुन्हा बायकांचे आवाज खेळू लागले.

पुढे पाऊस अडून बसला. दादाच्या बांधीत चिखलापुरतं पाणी साचेना, रोवणीची वाट पाहत पऱ्हे पिवळे पडत चालले. शेजारी वहिनीचं धान मात्र मातीतल्या ओलीवर तग धरून मंद हिरवं डुलत होतं. एका तिन्हीसांजेला दादा तिच्या वाफ्यात बसला, तण उपटू लागला आणि वर न पाहता म्हणाला, “पुढच्या साली माह्याबी बांधीत वाफे पाडू.”

“आधी हे तर निंदून काढा,” वहिनी म्हणाली. पदराआड ती हसत होती.

आता दोन्ही बांध्या गादीवाफ्यांच्या आहेत. रोवणीची ती लांब रांग उरली नाही. तिच्यातल्या काही जणी लेकरांमागे शहरात गेल्या, कमलाबाई तर या जगातूनच. कापणी झाली, की वहिनी धानाची मुळं उपटू देत नाही. ती तिथेच कुजतात, भुसभुशीत होतात, आणि त्यांच्याच कुशीत नवे दाणे पडतात. त्या मोकळ्या बांधीवरून कार्तिकाचं कोवळं ऊन सरकताना मला वाटतं, काळ माणसाचं दिसणारं तेवढं कापून नेतो. न दिसणारं मागे ठेवतो, आणि पुढची हिरवळ त्याच्यावरच धरते.