सावलीतला उष्माघात

जमीलला आत कोंडलंत ते तुम्हीच, सरकारी साहेबांनो. खिडक्या शेठनं बंद केल्या, पांघरूण मुकादमानं घातलं, ते खरंच. पण गल्लीगल्लीत रिक्षावर भोंगा लावून "दुपारी बाहेर पडू नका, आतच थांबा" असं सांगत फिरलात ते तुम्ही. आत म्हणजे कुठे, हे एकदा तरी वाकून बघितलंत?

जमील कापड विणायचा ती मालेगावची शेड पत्र्याची. आत माग खडखडतायत, खिडक्यांवर ओली गोणपाटं ठोकलेली. कोरडं वारं लागलं की सूत तुटतं, म्हणून भर मे महिन्यातही जमिनीवर पाणी मारायचं आणि फट म्हणून ठेवायची नाही. पंखासुद्धा नाही. सुताला मानवणारी ती दमट हवा माणसाचा घाम वाळू देत नाही. आणि घाम वाळला नाही तर अंग निवणार कसं?

नूरबानो कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरत होती. नवऱ्याचा माग समोरच. सकाळपासून जमीलच्या बनियनमधून पाणी गळत होतं. दुपारी तिनं पाहिलं तर त्याची मान कोरडी ठक्क, तोंड लालबुंद. मागावरचं कापड सोडून तो भलतीकडेच बघत होता.

"अदिबाके अब्बा, पानी पियो," लेकीच्या नावानं नवऱ्याला हाक मारत ती ओरडली. मागांच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय ऐकूच येत नाही.

"अम्मी, तू कब आई?" तो हसून म्हणाला.

त्याची आई कधीच वारली होती. नूरबानोनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि तवा लागावा तसा मागे घेतला.

मुकादम रंगनाथ धावत आला. माणूस वाईट नव्हता. "ताप भरलाय, भाभी. गोळी द्या, पांघरूण घाला. घाम फुटला की उतरंल."

"भाई, बाहेर नेऊ या. निंबाखाली हवा आहे."

"येड लागलं का? बाहेर ऊन लय मारतंय! सकाळी भोंगा काय बोंबलत होता? तुमच्यापेक्षा सरकारला जास्त कळतं."

नूरबानोनं गोळी दिली. कापडाच्या गठ्ठ्यांवर त्याला निजवून रंगनाथनं त्याच शेडमध्ये विणलेली जाड चादर त्याच्या गळ्यापर्यंत ओढली. घाम फुटेल म्हणून नूरबानो बघत राहिली. फुटला नाही. मग जमीलचे डोळे वर गेले आणि सगळं अंग झटके देऊ लागलं.

तिनं चादर भिरकावली. "माग बंद करा रे!" रंगनाथ मध्ये आला, तर त्याला ढकललं. काखेत हात घालून तिनं नवऱ्याला ओढत दाराबाहेर आणलं, निंबाखाली टाकलं, पाण्याचं पिंप त्याच्यावर उपडं केलं. मग रंगनाथच रिक्षा घेऊन आला. वाटभर तो ओल्या टॉवेलनं वारा घालत होता.

दवाखान्यात डॉक्टर तृप्तीनं जमीलच्या काखेत, मानेला, जांघेत बर्फ लावला. "पांघरूण घातलं होतं?"

"हो. ताप होता ना."

"ताप नव्हता हा. तापात मेंदू स्वतःच अंगाला सांगतो, गरम हो. तिथं गोळी चालते. इथं मेंदू सांगत होता, थंड हो. त्यानं रक्त कातडीकडे पाठवलं, घाम काढला. पण उष्णता बाहेर जायला वाटच नव्हती. शेवटी तोच थकला."

"आता?"

"पेशींना ताण आला की त्यांच्यात राखणदार प्रथिनं तयार होतात, बिघडलेलं सावरून धरतात. पण उष्णता फारच वाढली तर त्यांचाही इलाज चालत नाही. अंडं उकडलं की आतला पांढरा भाग जसा..." नूरबानोचा चेहरा बघून ती थांबली. "अंग निवतंय. शुद्धीवर कधी येतील, मेंदूला किती लागलंय, आज नाही सांगता येत."

जमील शुद्धीवर यायच्या आधी उष्माघाताची नोंद करायला तुमचा माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फोन. खाटेकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"उन्हात किती वेळ होते?"

"उन्हात नव्हते. कारखान्यात होते."

"म्हणजे सावलीत. मग उष्माघात कसा लिहायचा? ताप म्हणू."

"तापच समजून आम्ही त्यांना पांघरूण घातलं," नूरबानो म्हणाली. "आता तुम्ही तेच म्हणताय?"

"बाई, उष्माघात उन्हात होतो."

तृप्ती काही बोलायला वळली. नूरबानोनं हातानंच तिला थांबवलं. आता कुणाकडून शिकवून घ्यायचं नव्हतं तिला. मागांच्या खडखडाटात ओरडायची सवय असलेला तिचा आवाज पूर्ण वॉर्डात घुमला.

"साहेब, तुम्ही या. भर दुपारी. जमीलच्या मागापाशी बसा, दार लावून. मी बाहेर उभी राहते. घाम थांबला की हाक मारा, मी दार उघडते."

तो फोनकडे बघू लागला.

"फोनमध्ये काय बघता? माझ्याकडे बघा. कधी येताय, बोला!"