आंधळ्या रंध्यावर माझा पहारा

‘लेखकाच्या हक्कांचे रक्षण व्हावे, यासाठी या संकेतस्थळावरील मजकूर उतरवून घेण्यास प्रतिबंध करण्यात आला आहे.’

मित्रांनो, हे वाक्य भाषेचे काम करणाऱ्या एका संस्थेचे, अंमल माझा. मी एक जुना पहारेकरी आहे. मला गणवेश नाही, काठी नाही; संगणकाच्या भाषेतील बारा ओळी, एवढाच माझा देह. शब्दांवरून माऊस ओढलात की मी तो झिडकारतो. उजवे बटण दाबलेत की हेच वाक्य तुमच्या तोंडावर फेकतो.

आता वाक्य तपासू. लेखक कोण? एक निवृत्त शिक्षिका, सुताराची लेक. शाळा सुटली की त्या सुतारांच्या कारखान्या-कारखान्यांतून भुशात बसत आणि कारागिरांच्या तोंडचे शब्द टिपत. तीस वर्षांत तीन हजार शब्द झाले. हक्क कोणते? वह्या त्यांनी विश्वासाने संस्थेला दिल्या. संस्थेने मजकूर संकेतस्थळावर चढवला आणि कार्यालय हलवताना वह्या रद्दीत घातल्या. आणि रक्षण? जाणता चोर मला एका खटक्यात झोपवतो. मी अडवतो तो केवळ सरळ माणसाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, हीच माझी नोकरी.

जो पान उघडतो, त्याच्या संगणकात मी उतरतो. एका दुपारी असाच बाईंच्या जेवणाच्या टेबलावर उतरलो. त्यांची नजर विझत चालली होती. डॉक्टरांनी वर्षाची मुदत दिली होती. तेवढ्यात चुका दुरुस्त करून त्यांना या शब्दांचे पुस्तक काढायचे होते. त्यासाठी मजकूर ठळक, मोठ्या अक्षरांत छापून हवा होता.

“मावशी, हे पान शब्दांना हातच लावू देत नाही गं,” भाची म्हणाली.

“अगं, पण शब्द माझेच ना?”

“तुझेच. म्हणून तर तुझ्यापासून जपलेत!”

बाईंनी संस्थेच्या संचालकांना चार पत्रे लिहिली. एका ओळीचे उत्तर आले: नियम सर्वांना सारखे. मग भाची पडद्यावर पाहून एकेक नोंद हाताने टंकू लागली.

बाईंनी सांगितलेली पहिली दुरुस्ती अशी: ‘आंधळा रंधा’ काढून टाक. एका मिश्कील म्हाताऱ्या सुताराने गंभीर चेहऱ्याने त्यांना सांगितले होते, “बाई, या रंध्याला पातंच नसतं. लाकडातली गाठ हा वासानं ओळखतो!” बाईंनी ते इमानाने टिपले. पुढे अख्खा कारखाना पोट धरून हसला, तेव्हा त्यांना कळले की असे अवजार जगात नाही. तोवर वह्या संस्थेत गेल्या होत्या.

नवव्या महिन्यात, काम निम्म्यावर असताना, संचालकांचा सुतारकामाचा कोश बाजारात आला. मुखपृष्ठावर ‘स्वतंत्र संशोधन’. भाची शेजारी माझे पान उघडून ताडून पाहत होती. एकाएकी ती थांबली.

“मावशी, आंधळा रंधा आहे यात. खाली लिहिलंय, प्राचीन अवजार, आता दुर्मीळ. चित्रसुद्धा काढलंय!”

“चित्र? कशाला पाहून काढलं मेल्यानं?” बाई डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मग पाणी राहिले, हसू गेले.

संस्थेच्या वार्षिक सभेपर्यंत त्यांचा उजेड पुरता मावळला होता. भाचीचा हात धरून त्या उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, “हा रंधा तुम्ही कुठे पाहिलात?”

मित्रांनो, बाईंच्या हाती त्यांचे शब्द वेळेत पडले असते, तर उरलेल्या दीड हजार नोंदीही त्यांच्या डोळ्यांखालून गेल्या असत्या. त्या गेल्या नाहीत, कारण मी चोख पहारा दिला. म्हणून एक मागणे आहे: जे जपायचे, त्याची प्रत करा, दुसऱ्याच्या घरी ठेवा, आणि कोणी तुमच्या भल्यासाठी कुलूप आणले, तर किल्ली कोणाच्या खिशात आहे ते आधी पाहा.

त्या सभेचे इतिवृत्त सचिवांनी शब्दशः लिहून संकेतस्थळावर ठेवले आहे. अर्थात तेथेही माझाच पहारा. त्यातली संचालकांच्या उत्तराची ओळ मी कोणाला उतरवू देत नाही. पण सांगायला मला बंदी नाही. वही काढा, हाताने लिहून घ्या. संचालक म्हणाले:

“चोरी कसली, बाई? कुलूप मीच लावलं ना! आधी सगळं उतरवून घेतलं, मगच लावलं.”