जळक्या टोकाची काठी

गाव जळून नऊ दिवस झाले होते आणि या नऊ दिवसांत तूवेशी कुणी धड बोललं नव्हतं. बोललंच तर तोडून बोलायचं. त्याचं स्वतःचं घर अर्धं उभं राहिलं होतं आणि तेही लोकांच्या डोळ्यांत खुपत होतं.

दोष आपला आहे हे तोही नाकारत नव्हता. डेन्मार्कच्या आणि स्वीडनच्या राजांत लढाई जुंपली, तेव्हा सीमेवरच्या शेतकऱ्यांनी आजे-पणजे करत आले तेच केलं होतं. ओढ्याकाठच्या उभ्या दगडापाशी अलीकडचे डॅनिश आणि पलीकडचे स्वीडिश जमले, एकाच लाकडी कटोऱ्यातून बिअर प्यायले आणि ठरवलं, की राजांना लढायचं तर लढू दे, आपण एकमेकांवर हात उगारायचा नाही. इकडचं मीठ आणि खारवलेले मासे तिकडे जातील, तिकडचे बैल इकडे येतील. आणि कुणाचंही सैन्य निघालं, की ज्याला आधी कळेल त्यानं पलीकडे काठी धाडायची.

ही काठी हातभर लांबीची. एक टोक जाळलेलं, दुसऱ्या टोकाला दोरीचा फास. ती ज्याच्या दारी येईल त्यानं हातातला घास टाकून पुढच्या दारी न्यायची. जो अडवेल त्याचं घर जाळायचं आणि त्याला त्याच दोरीला लटकवायचं. काठीवर एक अक्षर नसे, पण तिचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळत असे.

सीमेपलीकडून स्वीडिश घोडदळ येणार अशी आवई उठली, तेव्हा अख्खं गाव गुरंढोरं घेऊन रानातल्या लपणीत जायला निघालं होतं. तूवेनंच आडवा हात घातला. "या गारठ्यात तान्ही पोरं मारायची आहेत का? पलीकडे गुम्मे बसलाय. वीस वर्षं ओळखतो मी त्याला. काठी आल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडू नका."

तो गावचा कारभारी, शब्दाचा पक्का. लोकांनी ऐकलं. काठी आली नाही आणि चौथ्या दिवशी भरदुपारी गोठलेल्या तळ्यावरून घोडदळ आलं. अकरा माणसं गेली. म्हाताऱ्या कार्नाची सून बाळाला पोटाशी धरून गोठ्यात लपली होती. गोठा पेटला.

दहाव्या दिवशी तूवे ओढा ओलांडून गुम्मेकडे गेला. कमरेला सुरा होता. त्याचं काय करायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं.

गुम्मे कोठारात पोत्यात बियाण्याचे जव भरत होता. तूवेला पाहताच तो धावत आला आणि त्यानं त्याला मिठीच मारली. "जिवंत आहेस गड्या! तुमच्याकडचा धूर बघून माझ्या घशाखाली घास उतरेना. हे बघ, जव काढलेत, गवत काढलंय. रविवारी घेऊन येणारच होतो."

"काठी का नाही धाडलीस?"

गुम्मे त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "धाडली नाही? अरे, घोडदळ निघायच्या आदल्या सकाळी मी स्वतः घेऊन आलो. तुमच्या बाजूचं पहिलं घर कुणाचं? तुझ्या जावयाचं. ट्रूल्सच्या हातात दिली. तुम्ही डेन लोक बोलता ना तोंडात लापशी धरून, तसं काहीतरी पुटपुटला. मला एवढंच कळलं, की पोचवतो."

तूवेनं सुऱ्यावरचा हात काढला. पाय आपोआप जावयाच्या घराकडे वळले.

ट्रूल्सचं घर रानाच्या कडेला, गावापासून सुटं होतं. ते शाबूत होतं. बोएल, त्याची एकुलती एक लेक, चुलीपाशी भाकऱ्या भाजत होती आणि ट्रूल्स पाळणा हलवत बसला होता. तूवेनं बसायचंसुद्धा मनात आणलं नाही.

"काठी कुठाय?"

ट्रूल्स पाळण्याकडेच बघत राहिला. बोएलनं हात पुसले, पाळण्यातलं बाळ उचललं आणि खालच्या पेंढ्यातून काठी काढून बापापुढे धरली. जाळून टाकायची हिंमत त्या दोघांना झाली नव्हती.

"मामा, जरा माझं ऐका," ट्रूल्स म्हणाला. "वीस घरं गुरांसकट रानात शिरली असती, तर बर्फात हमरस्ता पडला असता. सरळ लपणीवर आले असते ते. एका घराचा माग काय, वारा तासाभरात पुसतो. सगळेच मेले असते, तिथं आम्ही तरी वाचलो."

"तू हिशेबी आहेस हे ठाऊक होतं. इतका असशील असं वाटलं नव्हतं." तूवे लेकीकडे वळला. "आणि तू?"

"मी आले होते ना बोलवायला?" बोएलला रडू फुटलं. "म्हटलं नव्हतं का, बाबा, आमच्याबरोबर रानात लाकडं आणायला चला, चार दिवस राहा?"

ती आली होती. तो मनातून सुखावलाही होता, की पोरीला बापाची किती काळजी. तिच्यासोबत त्यानं नातवासाठी मधाचं मडकं दिलं होतं.

"खरं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही गावाला घेऊनच आला असतात."

तूवे तसाच वागला असता आणि पोरगी त्याला पुरती ओळखून होती. म्हणूनच तर तिनं त्याला फसवलं. परक्यानं फसवलं असतं तर त्यानं सुरा काढला असता. इथं काय काढणार? त्यानं काठी अंगरख्याच्या आत खोचली आणि बाहेर पडला. बाळानं त्याला बघून हात हलवले होते, तेवढं मात्र डोळ्यांसमोरून जाईना.

रविवारी चर्च सुटल्यावर गाव दगडापाशी जमलं. ठरावाचा कटोरा दगडावर ठेवलेला होता. तह टिकवायचा की मोडायचा, हे आज तिथंच ठरायचं होतं. बोएल आणि ट्रूल्स बाळाला घेऊन कडेला उभे होते. तेवढ्यात ओढ्यापलीकडून बर्फावरून बैल ओढत असलेल्या दोन घसरगाड्या आल्या, एक जवाची, एक गवताची. एकटा गुम्मे पुढे चालत होता. हातात साधं हत्यारसुद्धा नव्हतं.

"आला बघा," कार्ना म्हणाली. "आधी जाळतात, मग गवत आणतात. विचार रे तूवे, तुझ्या दोस्ताला. माझी सून, माझा नातू कुठायत ते विचार."

गुम्मेचा चेहरा उतरला, पण तो डगमगला नाही. "आजी, मी काठी आणून दिली होती. तूवेला ठाऊक आहे. सांग गड्या, कुठं अडली ते."

सगळ्यांच्या नजरा तूवेवर आल्या. अंगरख्याच्या आत काठी बरगडीला टोचत होती. ती बाहेर काढली, की संध्याकाळच्या आत ट्रूल्स त्याच दोरीवर लटकणार आणि बोएलचं घर जळणार. कायदा राजाचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. लोक कमी करणार नव्हते आणि लोकांचं चुकतही नव्हतं. त्यानं गुम्मेकडे पाहिलं. गुम्मे निर्धास्त उभा होता. वीस वर्षांच्या ओळखीवर माणूस जसा उभा राहतो तसा.

"काठी आलीच नाही," तूवे म्हणाला.

कार्नानं कटोरा उचलला आणि दगडावर आपटला. जुनं लाकूड, एका फटक्यात त्याचे दोन तुकडे झाले. तह मोडला. यापुढे घोडदळ इकडून निघो की तिकडून, कुणी कुणाला सांगणार नव्हतं. गर्दीतून बर्फाचे गोळे आले, त्यांपाठोपाठ एक दगडही आला आणि गुम्मेच्या कपाळावर बसला.

गुम्मेनं हात उगारला नाही. त्यानं कडेला उभ्या असलेल्या बोएलकडे पाहिलं, तिच्या कडेवरच्या बाळाकडे पाहिलं. मग तो तूवेच्या अगदी जवळ आला, इतका की गर्दी त्याच्या पाठीआड गेली. कपाळावरून रक्त ओघळत होतं.

"दोरी बाहेर लोंबतेय तुझी," तो हळूच म्हणाला. "आत घाल, दिसेल कुणाला."

आणि तूवेचे हात हलेनात म्हणून त्यानंच ती दोरी अंगरख्याच्या आत सारली, घसरगाड्या तिथंच सोडल्या आणि ओढा ओलांडून निघून गेला.