चार बोटं खिडकी

कल्पना करा, मुलांनो. सकाळचे आठ वाजलेत. अंगणातला पत्रा इतका तापलाय की हात लावू देत नाही. आणि घरातल्या एका माणसाला आत्ता गाढ झोपायचं आहे, कारण त्याची रात्र खाणीत गेली. त्याला झोप लागावी म्हणून तुम्ही काय कराल?

ऑस्ट्रेलियातल्या काल्गुर्ली गावच्या नऊ वर्षांच्या नायरीपुढे हाच प्रश्न होता. तिचे बाबा, गार्थ, सोन्याच्या खाणीत दुमजली घराएवढा ट्रक चालवत. आदल्या दिवशी ते कुंपणापलीकडच्या विंकोआजोबांना हळू आवाजात सांगत होते, "उतारावर दोन सेकंद डोळा लागला. चाक मातीच्या बांधाला घासलं म्हणून वाचलो."

नायरीने ते ऐकलं होतं. आज संध्याकाळी बाबा पुन्हा त्याच उतारावर जाणार होते.

आई बेकरीत कामाला गेली होती. बाबा अंघोळीला गेले तशी नायरी कामाला लागली. गावात रात्रपाळीवाल्यांच्या खिडक्यांना उजेड अडवायला चंदेरी कागद लावलेला असतो. बाबांच्या खिडकीचा फाटला होता. तिने काचेला साबणाचं पाणी फासून नवा कागद चापून बसवला. खिडकी खालून नेहमी चार बोटं उघडी असे आणि तिथून उजेडाची पट्टी थेट उशीवर पडे. तिने खिडकी ओढून घट्ट लावली. दारावर पाटी अडकवली : 'रात्रपाळी झोपली आहे.'

बाबा आत आले आणि चाचपडायला लागले. "अगं, खाणच घरात आणलीस की!"

"बोलायचं नाही. झोपायचं."

"बरं, मुकादमबाई."

तिने बाहेरून दार लावलं, फटीत टॉवेल कोंबला आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. छपरावरचा कूलर घुमत होता. आत पलंग करकरला. थोड्या वेळाने पुन्हा करकरला. अर्धा तास झाला तरी करकर थांबेना, तेव्हा तिने दार किलकिलं केलं. ओल्या गोधडीसारखी हवा तोंडावर आली. बाबा घामाने निथळत छताकडे बघत होते.

"बाबा, झोप ना रे!"

"झोपलोच होतो गं."

"खोटं!"

ती धावत कुंपणाशी गेली. विंकोआजोबा टोमॅटोंना पाणी घालत होते.

"आजोबा, मी सगळं बंद केलं, तरी त्याला झोप येत नाहीये!"

"सगळं म्हणजे? खिडकीपण?"

"हो."

"वेडाबाई! कूलर ओली हवा आत ढकलतो. ती बाहेर कुठून जाणार, तुझ्या कानातून? बापाला झोपवतेयस की वाफवतेयस?"

नायरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण खिडकी उघडली की उजेड येतो."

आजोबांनी झारी खाली ठेवली. "हवेला वळून जाता येतं, पोरी. उजेडाला नाही येत." एवढं बोलून ते पुन्हा टोमॅटोंकडे वळले.

नायरीने वळून खिडकीकडे बघितलं. मग पडवीतल्या खोक्याचा पुठ्ठा फाडून बाबांच्या खिडकीपाशी गेली. बाहेरून खिडकी चार बोटं वर सरकवली आणि त्या फटीवर पुठ्ठा छपरासारखा तिरका चिकटवला. फटीतून कोंदट हवा तिच्या बोटांवर यायला लागली. आत उजेड जात नव्हता.

ती कान लावून थांबली. पलंग एकदा करकरला. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक लांब, खोल श्वास.

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला पोस्टमनची मोटरसायकल फटफटली. टॉफी कुत्र्याचे कान ताठ झाले. ती मोटरसायकल फाटकाशी आली की टॉफी सारी गल्ली डोक्यावर घ्यायचा, रोजच.

नायरीने टॉफीचा पट्टा कुंपणावरून आजोबांच्या हातात दिला, फाटक आवाज न करता उघडलं आणि तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी धावत जाऊन मोटरसायकलसमोर दोन्ही हात आडवे करून उभी राहिली.