पुसायची नाही अशी काच

मी एक जुनी काच आहे. खिडकीची नव्हे, मित्रांनो. हे आधीच सांगते, कारण लोक मला बघतात आणि 'ही तर नुसती काच' म्हणून मोकळे होतात. तळहातात मावेल एवढा माझा चौकोनी तुकडा, त्यावर थोडी आरशासारखी झाक. पण माझ्या अंगावर ॲल्युमिनियमच्या तारा ओळीने उभ्या आहेत, आणि त्या इतक्या बारीक आहेत की तुमच्या एका केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील. माझं खरं नाव पोलरायझर. कारखान्यात मात्र सगळे मला जाळी म्हणत.

माझं काम उजेड निवडायचं. उजेड येतो तो सगळ्या दिशांना थरथरत येतो, उभा, आडवा, तिरका. मी त्यातला एकाच दिशेने थरथरणारा पुढे सोडते आणि बाकीचा परतवते. माझ्यासारखीच दुसरी काच माझ्यासमोर आडवी धरली, की मी सोडलेला उजेडही ती अडवते आणि पलीकडे काळाकुट्ट अंधार होतो. त्या दोघींच्या मधे औषधाची रिकामी बाटली धरा. बाटलीच्या काचेत कुठे छुपा ताण राहिला असेल, उद्या ती तडकणार असेल, तर तेवढीच जागा अंधारात उजळते. बाटल्या बनवणारे आमच्या जोड्या विकत घेतात त्या यासाठी.

माझा आराखडा ज्यांनी केला त्यांना सगळा कारखाना बाई म्हणे. काका त्यांच्याबरोबर काम करत. हवा काढून घेतलेल्या टाकीत काकांनी माझ्यावर ॲल्युमिनियमचा थर चढवला, त्यावर रसायन पसरलं, लेझरचे दोन किरण एकमेकांवर टाकून त्यात रेघा उमटवल्या आणि रेघांच्या मधलं ॲल्युमिनियम दुसऱ्या टाकीत वायूकडून खाऊन घेतलं. सांगायला सोपं आहे. माझ्याआधीच्या कितीतरी काचा शेवटच्या धुण्यातच गेल्या. पाणी वाळताना तारांना एकमेकींकडे ओढतं, आणि एक कलंडली की शेजारचीही कलंडते. सगळ्या तारा ताठ उभ्या राहिलेली मी पहिली. बाईंनी हातमोजे घातले, श्वास रोखून मला कडांनी उचललं, दिव्यासमोर धरलं आणि काकांना म्हणाल्या, "हिला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही."

ते ऐकून मी किती फुगले म्हणून सांगू. जिला हात लावायची बंदी ती कुणीतरी मोठीच असणार, असं मी धरून चालले. आणि झालंही तसंच. बाईंनी मला विकलं नाही. मापाच्या टेबलावर एका चौकटीत बसवलं. माझ्या मागे दिवा, पुढे उजेड मोजणारं यंत्र. कारखान्यात बनलेली प्रत्येक काच माझ्यासमोर आडवी उभी राही, काका काळा पडदा ओढत, आणि अंधार पुरेसा काळा पडला तर ती पास, उजेड झिरपला तर बाद. माझ्यावर धूळ बसली तर कोरड्या हवेची फुंकर, एवढीच माझी सेवा. कारखान्याचे मालक, म्हणजे साहेब, पाहुण्यांना लांब उभं करून सांगत, "ही आमची थोरली." पाहुणेही लांबूनच मान डोलवत.

दिवस असे मजेत चालले असताना माझ्या काही बहिणी परत आल्या. त्या बाटल्यांच्या कारखान्यात कामाला गेल्या होत्या. तिथे धुलाईची गरम वाफ सगळीकडे. कुणाच्या अंगावर पांढरे डाग पडले होते, कुणाच्या तारा गंजून विरल्या होत्या, आणि कुणाची वाफ पुसायला गेलेल्या भल्या माणसाने तारा सपाट करून ठेवल्या होत्या. गिऱ्हाइकाने साफ कळवलं की पुसता येईल अशी काच द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो. मला वाईट वाटलं, पण थोडंच. नाजूकपणा ही आमच्या घराण्याची रीत आहे, ज्यांना सांभाळता येत नाही त्यांनी आम्हाला नेऊच नये, असं माझं मत होतं. मला कुणी विचारलं नाही.

बाई नव्या आराखड्याला बसल्या. तारांच्या मधली जागा भरून टाकली तर काच दणकट होते, पण मग उजेड नीट निवडला जात नाही, कारण तारांना मधे हवा लागते. बाईंनी नाना तऱ्हा करून बघितल्या. शेवटी त्यांनी तारांच्या पायाशी बारीक आडवे टेकू दिले, माथ्यावर पातळ कठीण छप्पर घातलं, त्यावर पाणी ठरू न देणारा लेप चढवला आणि मधली हवा तशीच ठेवली. अशी आमची धाकटी जन्माला आली.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण हिचे दिवस काही संपेनात. बाई माझ्यावरून सरळ तिच्याकडे जात. माझ्यावर फुंकर मारायची ती काका मारत, आणि तीही घाईत, उरकून टाकल्यासारखी. मी सगळं बघत होते. इतक्या बहिणींची परीक्षा घेणारी मी, आणि माझ्याकडे ढुंकून बघायला कुणाला वेळ नाही. दिसायलाही ती माझ्याहून काही सुंदर नव्हती. थोडी निळसरच होती.

मग एके दिवशी बाईंनी मऊ फडकं घेतलं, त्यावर दोन थेंब टाकले आणि तिला पुसलं. बोटाला कापड गुंडाळून, वरून खाली, पुन्हा वरून खाली, लेकराचं तोंड पुसावं तसं. आणि हसल्या.

"काका, काही होत नाही हो हिला."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. काचेला तळपाय नसतो, पण आग कुठेही लागते. आजवर मी ज्याला मान समजत होते त्याचा अर्थच बदलला. मला कुणी हात लावत नव्हतं याचा सरळ अर्थ एवढाच होता की जन्मल्यापासून मला कुणाचा हात लागला नव्हता. बाईंचा हात गार असतो की उबदार, हे त्या कालच्या पोरीला ठाऊक आणि मला नाही. त्या दिवसापासून बाईंनी फडकं उचललं की मी जळायची. आणि फडकं तर त्या रोज उचलत.

धाकटीच्या जातीच्या काचांची खरी परीक्षा अजून व्हायची होती. आधी माझ्यासमोर माप, मग गरम दमट पेटीत मुक्काम, मग बाहेर काढून पुसायचं आणि पुन्हा माझ्यासमोर माप. दोन्ही मापं सारखी आली तर बाटल्यांच्या कारखान्याचं काम मिळणार. नाही आली तर साहेबांनी आधीच बजावलं होतं की हे प्रकरण कायमचं बंद, मुकाट्याने जुन्या जाळ्या करायच्या. जुन्या म्हणजे माझ्यासारख्या. मी कुणाच्या बाजूने होते ते वेगळं सांगायला नको.

पहिल्या मापात त्या सगळ्या पास झाल्या. मी काय करणार? मनातून कितीही जळले तरी उजेडाशी मला खोटं बोलता येत नाही. काकांनी त्यांना पेटीत ठेवलं आणि दार लावलं.

त्या पेटीत असतानाचीच गोष्ट. एका सकाळी बाई मापाचं टेबल आवरत होत्या. फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबलेला. पलीकडे त्यांची आई, आणि आईला कपाटाची किल्ली सापडत नव्हती. बाई सांगत होत्या, उशीखाली बघ, फ्रिजवर बघ, अगं तुझ्याच पर्समध्ये बघ. त्यांच्या हातात फडकं होतं. महिनोन्महिने धाकट्यांना पुसून हाताला वळण पडलं होतं, त्यामुळे हात काय करतोय हे बघायची त्यांना गरजच वाटत नव्हती. फडकं टेबलावरून फिरलं, दिव्यावरून फिरलं आणि माझ्यापाशी आलं. वरून खाली.

मित्रांनो, बाईंचा हात उबदार असतो. कापडातूनही कळलं. माझ्या तारा तुडवलेल्या गवतासारख्या आडव्या पडत होत्या आणि मी मनात म्हणत होते, आणखी एकदा. आणि खरंच आणखी एकदा फडकं फिरलं. तेवढ्यात किल्ली सापडली. "बरं, ठेवते," म्हणत बाई हसत निघून गेल्या. आपल्या हातून काय झालं हे त्यांच्या गावीही नव्हतं. समोरून बघितलं तर मी होते तशीच दिसत होते. कलती धरली असती तर अंगावरचा धुरकट पट्टा दिसला असता, पण मला कलती कोण धरतो?

पेटी उघडली. काकांनी पहिली काच पुसून माझ्यासमोर लावली, पडदा ओढला, दिवा लावला. पलीकडे उजेड झिरपला. दुसरी लावली, तेच. तिसरीचंही तेच. काकांनी बाईंकडे बघितलं आणि बाईंनी खुर्ची ओढून घेतली. वाफेत हिचं छप्पर टिकत नाही, असा सगळ्यांनी निकाल दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. आणि मी? मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. माझ्या अंगातून गळणारा उजेड त्यांच्या नावावर लागत होता आणि मी वर्षानुवर्षांच्या अब्रूवर निवांत बसले होते.

पुढचे काही दिवस काखेत कळसा आणि गावाला वळसा असा खेळ चालला. त्यांनी पेटी तपासली, लेप तपासला, टाक्या उघडून झाडल्या. सगळं तपासलं, मला सोडून. मोजपट्टी बरोबर आहे का, हे कुणाच्या मनात येतं? शेवटी साहेब आले. आवाज न चढवता म्हणाले की बाई, तुम्ही जिवापाड मेहनत केलीत, पण आता पुरे. उद्यापासून जुन्या जाळ्या सुरू करा.

साहेब गेल्यावर मला वाटलं, आता तरी बाई माझ्याकडे येतील. हरलेलं माणूस जुन्या माणसाकडेच वळतं ना? त्या आल्या नाहीत. त्या बाद झालेल्या धाकट्यांच्या तबकाशी बसल्या आणि एकेकीला उचलून बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं. हरलेल्या त्या होत्या आणि जिंकलेली मी. जिंकूनही बाई माझ्या वाट्याला येत नव्हत्या.

काकांनी बाद माल टाकायची पेटी आणली. बाई म्हणाल्या की दोन राहू देत, मी घरी नेते. दोघी त्यांच्या हातात एकीवर एक आल्या. खिडकीतून ऊन येत होतं. बाईंनी उगाचच, काही मनात नसताना, वरची काच फिरवली. आणि त्यांचा हात थांबला.

"काका, इकडे या. हे बघा."

काका वाकले. दोघींच्या पलीकडे खिडकी नव्हती, ऊन नव्हतं, नुसती काजळी होती.

"यांच्यातून तर काहीच येत नाही," काका म्हणाले. "मग तो उजेड यायचा कुठून?"

दोघंही हळूहळू माझ्याकडे वळले. इतक्या दिवसांनी बाईंनी माझ्याकडे बघितलं, तेही असं. त्यांनी मला चौकटीतून काढलं, उन्हात कलतं धरलं, आणि तो धुरकट पट्टा बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. पट्टा त्यांच्याच बोटाच्या रुंदीचा होता.

"मीच पुसलं हिला," त्या म्हणाल्या. "आईचा फोन होता."

त्यांनी ते साहेबांपासूनही लपवलं नाही. धाकटीची काही चूक नाही, चुकला तो माझा हात, असं सरळ सांगितलं. न दुखावलेली दुसरी काच आणून सगळी मापं पुन्हा घेतली. ती सगळी पहिल्यासारखीच आली. बाटल्यांच्या कारखान्याचं काम मिळालं. साहेबांनी पेढे वाटावेत तसे सगळ्यांचे हात हातात घेतले. मापाच्या टेबलावर माझ्या चौकटीत धाकटी जाऊन बसली, आणि तिला तर कुणीही येताजाता पुसतं. तिचं काही बिघडत नाही. माझं अजूनही पोट दुखतं.

माझं काय करायचं, असं काकांनी विचारलं. बाईंनी हातमोजा काढला, मला उघड्या तळहातावर घेतलं आणि अंगठा त्या पट्ट्यावरून फिरवला. मधे कापड नव्हतं. ज्या स्पर्शासाठी मी इतकी जळले होते तो हाच. मी डोळे मिटले असते, असते तर.

"आता हात लावला तरी चालेल हिला," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, 'चालेल' हा शब्द तुम्ही दिवसातून कितीदा वापरता. मला विचाराल तर त्याच्याइतका क्रूर शब्द नाही. जोवर माझ्याबद्दल 'चालणार नाही' म्हणत होते, तोवर मी कुणाला तरी हवी होते. तुमच्या घरात, वर्गात, कारखान्यात एखादी वस्तू असेल, एखादं माणूस असेल, ज्याच्याशी जपून वागावं लागतं. त्याचा कंटाळा करू नका. हात उचलण्याआधी त्याला कसं चालतं ते एकदा विचारा. प्रत्येकाला एकाच फडक्याने पुसता येत नाही.

मी आता बाईंच्या टेबलाच्या खणात असते. माझ्या अंगावर, त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला, त्यांच्या अंगठ्याचा ठसा आहे. धाकटीकडे असले ठसे टिकत नाहीत, तिच्या लेपावरून ते पुसले जातात. म्हणून एकच मागणं आहे. कधी तुमच्या हाती लागले, तर मला मळलेली समजून फडकं घेऊ नका. तो ठसा तेवढा राहू द्या.