रुस्लानला कोरियन बनवताना

रुस्लान तेन कोरियन आहे हे राबिघच्या त्या फुटबॉल क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. खात्री नव्हती ती फक्त रुस्लानला. पणजोबा कोरियन, आजोबा कोरियन, चेहराही अस्सल कोरियन. पण जन्म ताश्कंदचा, घरात रशियन, गल्लीत उझबेक, आणि कोरियन म्हणाल तर आजीच्या शिव्यांपुरतं. मैदानाच्या मधल्या पट्ट्यात खेळायचा. वय पस्तीस, आणि डाव्या गुडघ्याचं विचाराल तर पंचेचाळीस. ताश्कंदनंतर रशिया, मग कोरियात सात सामने, मग मलेशिया, थायलंड, ओमान आणि शेवटी सौदीच्या खालच्या लीगमधला हा क्लब. गंमत म्हणजे कोरिया सोडून प्रत्येक देशात तो ‘कोरियन स्टार’ म्हणून विकला गेला. थायलंडच्या पोस्टरवर तर त्याच्या मागे अख्खा कोरियन झेंडा फडकत होता. एजंटांना लाज असती तर ते एजंट कशाला झाले असते?

हनीफ या क्लबाचा किटमन. जर्सी धुवायच्या, बुटांचे खिळे घासायचे, चेंडूत हवा भरायची आणि हरल्यावर सगळ्यांच्या शिव्या खायच्या. इकाम्यावर, म्हणजे सौदीतल्या राहण्याच्या परवान्यावर, धंदा मात्र अजून ‘पाइप फिटर’. मूळचा रत्नागिरीजवळच्या कर्ल्याचा. क्लबात येण्याआधी त्याने रिफायनरीतल्या एका कोरियन कंपनीच्या कॅम्पात अकरा वर्षं काढली होती, आधी पाइपाखाली आणि नंतर साइट ऑफिसात चहा-कॉफी देत.

क्लबातले बाकीचे खेळाडू घामाचे मोजे उलटेच, बोळा करून फेकायचे. रुस्लान एकटा मोजे सुलटे करून, जोडीने टोपलीत ठेवायचा. एवढ्यावर हनीफचा त्याच्यावर जीव जडला होता. त्या माणसाने बायकोचे हाल कधी केले नसणार, असं त्याचं ठाम मत. रुस्लानही त्याला ‘हनीफ-अका’ म्हणायचा. त्यांच्याकडे थोरल्या भावाला अका म्हणतात. मोडकं इंग्रजी, थोडं उर्दू आणि भरपूर हातवारे एवढ्यावर दोघांचं छान चालायचं.

एप्रिलमध्ये क्लबाचे मॅनेजर जलाल साहेब यांनी रुस्लानला ऑफिसात बोलावलं. करार जूनमध्ये संपत होता आणि दुसऱ्या कुठल्याही क्लबाने चौकशीसुद्धा केलेली नव्हती.

“एक कोरियन कंपनी आपल्याला स्पॉन्सर करायच्या विचारात आहे,” जलाल साहेब म्हणाले. “त्यांचे चेअरमन सोंग साहेब शनिवारी येतायत. इकॉनॉमिक सिटीतल्या हॉटेलात दुपारचं जेवण. तू त्यांच्या शेजारी बस, तुमच्या भाषेत दोन गोष्टी बोल. ते खूश झाले तर तुझं अजून एक वर्ष पक्कं.”

“आणि नाही झाले तर?”

“खलास.”

रुस्लान तडक हनीफच्या धुलाईच्या खोलीत आला आणि चालू वॉशिंग मशीनवर डोकं टेकून उभा राहिला. त्याला खेळायला अजून एकच वर्ष हवं होतं. हनीफने सगळं ऐकून घेतलं आणि हात पुसले.

“मी शिकवतो,” तो म्हणाला. “अकरा वर्षं कोरियन पाहिलेत मी. तुझ्यापेक्षा मी जास्त कोरियन आहे.”

हे खोटं नव्हतं. पाच दिवस सरावानंतर मशिनींच्या घरघरीत शिकवणी चालली. नमस्कार, जेवलात का, हवा कशी आहे, अशी वीसेक वाक्यं हनीफने घोटून घेतली. पण त्याचा खरा जोर होता रुबाबावर. कोरियन माणूस नुसत्या बोलण्याने कळत नाही, त्याच्या वागण्याने कळतो, असं त्याचं शास्त्र. मग हात पाठीमागे बांधून हळू चालायचं. दारापासून लांबची, मधली खुर्ची धरायची. कोणी आलं तर उठायचं नाही, नुसती मान हलवायची. हात द्यायचा तो एकच, तोही बसल्या बसल्या. कॉफी हवी असेल तर टेबलावर बोट दोनदा वाजवायचं. जेवण आलं की आपण आधी सुरुवात करायची, बाकीचे मग करतात. रुस्लानने सगळं असं उचललं की हनीफला तिसऱ्या दिवशी त्याच्यासाठी आपोआप कॉफी आणावीशी वाटली.

शनिवारी हनीफही हॉटेलात गेला, चेअरमनचं नाव छापलेली जर्सी घेऊन. समोर निळाशार समुद्र, आत बर्फासारखा एसी, टेबलावर अख्खं बकरं. रुस्लान मधल्या खुर्चीत ऐसपैस बसला होता. सोंग साहेब आले. सत्तरीचे, लहानखुरे, मागे सहा माणसं. जलाल साहेब धावत पुढे गेले. रुस्लान उठला नाही. त्याने बसल्या बसल्या एक हात पुढे केला, मान हलवली आणि विचारलं, “जेवलात का?” मग म्हाताऱ्याच्या आधी बकऱ्याचा लचका तोडला आणि टेबलावर बोट दोनदा वाजवलं.

सहाही कोरियन माणसं चेअरमनकडे पाहत थिजून उभी राहिली. म्हाताऱ्याचे कान लाल झाले. आणि भिंतीशी जर्सी धरून उभ्या असलेल्या हनीफच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अकरा वर्षं त्याने कोरियन माणसं पाहिली होती, पण पाहिली होती खालून. मोठा साहेब धाकट्याशी कसा वागतो एवढंच त्याला दिसलं होतं. त्या मोठ्याच्याही वर कोणी असतं, त्याच्यापुढे तो कसा वाकतो, हे चहावाल्याला दाखवतंय कोण? आपण रुस्लानला साहेब करून साहेबापुढे पाठवलं होतं.

हनीफ पुढे धावला. जर्सी खाली पडली. तो कमरेत काटकोनात वाकला आणि त्याच्या तोंडून माफीची धार लागली. चूक माझी, शिकवलं मी, हा निर्दोष आहे, पुन्हा होणार नाही, कृपा करून क्षमा असावी. सगळं अस्खलित कोरियनमध्ये. अकरा वर्षांत सर्वांत जास्त सराव त्याला याच गोष्टीचा होता. पाइप गळला, कॉफी थंड झाली, दुसऱ्याने सिमेंट सांडलं, माफी हनीफने मागायची.

सोंग साहेबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग ते हसायला लागले, इतके की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांनी हनीफला शेजारी बसवून घेतलं, कुठला, किती वर्षं, मुलं किती, सगळं विचारलं. तासभर दोघं बोलत होते. रुस्लान टेबलाच्या टोकाशी भात चिवडत बसला.

सोमवारी निर्णय आला. स्पॉन्सरशिप पक्की. कंपनी कोरियाहून बावीस वर्षांचा एक मिडफिल्डर पाठवणार. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या, तेव्हा रुस्लानची जागा त्याला. आणि त्या पोराला अरबी येत नाही, हनीफला दोन्ही भाषा येतात, म्हणून चेअरमन साहेबांच्या खास आग्रहावरून दुभाषा म्हणून हनीफ. पगार वाढीव, स्वतंत्र खोली.

“आता तरी इकाम्यावरचा तो पाइप फिटर पुसून घ्या,” कर्ल्याहून त्याची बायको खैरुन्निसा फोनवर म्हणाली, आणि आनंदाने रडली. हनीफला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचीच त्याला किळस आली. तो धुलाईच्या खोलीत गेला. रुस्लान बाकावर बसून बुटांच्या नाड्या काढत होता. त्याला कळलेलं होतं.

“मी नाही म्हणून सांगतो त्यांना,” हनीफ म्हणाला. “तुझ्या जागेवर पाय देऊन मला वर चढायचं नाही.”

“मूर्खपणा करू नको, हनीफ-अका.” रुस्लानने नाडी बोटाला गुंडाळली. “मी चोवीस वर्षांचा असताना कोरियात गेलो. एअरपोर्टवर फुलं दिली, घरी आलास म्हणाले. सात सामने कोच माझ्यावर ओरडत होता आणि मी मान डोलवत होतो. काय म्हणतोय, पुढे जाऊ की मागे राहू, मला एक अक्षर कळत नव्हतं. विचारायची लाज वाटायची, कारण तोंड त्यांच्यासारखंच ना. आठव्या सामन्याला मला घेतलं नाही. ते पोरगं इथं येईल, हे सगळे त्याच्यावर अरबीत ओरडतील. तू त्याच्या बाजूला उभा राहा.”

हनीफने मान खाली घातली. माफी मागायची होती, पण ज्या कोरियन शब्दांनी परवा सगळं बिघडवलं होतं ते त्याला तोंडात घ्यावेसे वाटेनात.

“चुकलं माझं, बाबा,” तो शेवटी मराठीतच म्हणाला.

रुस्लानला ते कळलं असावं. त्याने हसायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही.

“मला अजून खेळता येतं रे,” तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.