मंगळवार-शनिवारची बस

ड्रायव्हरने हॉस्पिटलच्या फाटकाशी बस उभी केली, इंजिन बंद केलं, पण दार काही उघडलं नाही. सीटवरच तो मागे वळला आणि डोक्यावरची टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली. एक्स्चेंजबाईंना तेव्हाच कळलं, की आता काहीतरी नको ते ऐकावं लागणार.

"सगळ्यांना एकदमच सांगतो," तो म्हणाला. "नगरपालिका खर्चाला कात्री लावतेय. आपली ही बस त्यात जाईल असं दिसतंय. शुक्रवारी संध्याकाळी सभा आहे. ज्याला बोलायचंय त्यानं यावं."

बस कसली, छकडाच तो. गावाबाहेरच्या वस्त्यांतून म्हातारी, दुखणाईत माणसं दारातून उचलायची आणि हॉस्पिटलला, दवाखान्याला, बँकेत पोचवायची, एवढंच तिचं काम. त्या वस्त्यांवर येणारी मोठी बस केव्हाच बंद पडली होती. काठीवाल्या आजी म्हणाल्या, "संध्याकाळी सभा, म्हणजे आम्ही यायचं कशानं? संध्याकाळी तुझी बस कुठाय?" ड्रायव्हरने टोपी उलटीसुलटी केली आणि दार उघडलं.

या सगळ्या गडबडीत कानाने अधू झालेले म्हातारे रेडिओवाले एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. काहीतरी बिनसलंय एवढं त्यांना कळलं होतं. शेवटी ते शेजारी, बाईंकडे वळले. बाई त्यांच्या डाव्या कानाशी झुकल्या आणि नेहमीच्या हळू, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "बस बंद करायची म्हणतायत."

रेडिओवाले म्हणाले, "मी जाईपर्यंत थांबा म्हणावं. फार ताटकळत नाही ठेवणार."

बाई हसल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरून काय ते ओळखून रेडिओवाल्यांनी "बरं, राहिलं" म्हणून हात वर केले.

त्यांची ओळख याच बसमध्ये झाली होती. बाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला यंत्र लावून दुसऱ्यांचे कॉल जोडता जोडता केस पांढरे झाले, आणि माणसं त्यांना त्याच नावाने ओळखू लागली. नवरा अबोल होता. वाईट नव्हता, पण घरात आल्यावर त्याला शांतता लागायची. दिवसभर बोलून आलेल्या बाईंनी घरी गप्प राहायची सवय करून घेतली होती. तो गेला, त्यानंतर मुलाचा संसार, नात, आणि मग गुडघा. गुडघ्याच्या व्यायामासाठी त्यांना मंगळवारी आणि शनिवारी हॉस्पिटलला जावं लागू लागलं. पहिल्याच दिवशी शेजारी बसले ते रेडिओवाले. त्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, त्यातले दोन वार बाईंचेच.

जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेल्या या माणसाला आता कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. लोक त्यांच्याशी ओरडून बोलायचे, आणि ओरडलं की त्यांना नुसती खरखर ऐकू यायची. फोन तर त्यांनी कधीच सोडून दिला होता. कानात घालायचं मशीन आणलं होतं, तेही कपाटात पडून. त्या दिवशी खड्ड्यातून बस उसळली आणि बाईंची पिशवी त्यांच्या पायाशी सांडली. "माफ करा, जरा पाय उचलता का?" असं बाईंनी त्यांच्या कानाजवळ वाकून विचारलं. रेडिओवाल्यांनी पाय उचलले नाहीत. ते बाईंकडे बघतच राहिले.

"पुन्हा बोला," ते म्हणाले.

"पाय उचला म्हटलं."

"अगदी स्टेशन लागल्यासारखं लागलं हो."

तेव्हापासून ती दोघं शेजारीच बसत. जाताना तास, येताना तास. चार तास ते डायलिसिसच्या मशीनला लावलेले असत, तेव्हा बाई आपला व्यायाम उरकून त्यांच्या कॉटपाशी खुर्ची ओढून बसायच्या आणि पेपर वाचून दाखवायच्या. पेपर संपला की त्या एक्स्चेंजमधल्या गोष्टी सांगत. कुणाचं लग्न त्यांच्या लाईनवर ठरलं, कुणाचं मोडलं. रेडिओवाले डोळे मिटून ऐकत. मध्येच थांबल्या तर म्हणत, "ऐकतोय, ऐकतोय." एकदा नवीन आलेली नर्स त्यांना म्हणाली, "काका, तुमच्या मिसेस किती छान वाचतात." दोघांपैकी कुणीच तिची चूक दुरुस्त केली नाही. येताना मात्र बसमध्ये दोघंही दोन बाजूंना बघत आली.

गुडघा बरा झाला तो गेल्या हिवाळ्यात. आता यायची गरज नाही, असं व्यायाम घेणाऱ्या मुलीने सांगितलं तेव्हा बाईंनी तिचे आभार मानले. पुढच्या मंगळवारी सकाळी ड्रायव्हरने दारात हॉर्न दिला, तेव्हा त्या रोजच्यासारख्या साडी बदलून, पिशवी घेऊन पायरीवर उभ्या होत्या. ड्रायव्हरला सगळं ठाऊक होतं. त्याने कधी विचारलं नाही. मुलाला मात्र वाटत होतं, आईचा गुडघा अजून रेंगाळतोय. सुनेला काय वाटत होतं कोण जाणे. एकदा पावसाची सर आली आणि बाई गच्चीवरचे कपडे काढायला भराभरा जिना चढून गेल्या. खाली आल्या तर सून पायथ्याशी उभी. तिने त्यांच्या हातातले कपडे घेतले, एकदा गुडघ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "शनिवारी तुमची निळी साडी इस्त्री करून ठेवते."

शुक्रवारी मुलगा त्यांना स्कूटरवरून सभेला घेऊन गेला. सूनही रिक्षाने मागोमाग आली. बाईंचा बोलायचा काही विचार नव्हता. हॉल निम्मा रिकामा होता. ज्यांची बस जाणार होती, त्यांतलं जवळजवळ कुणीच येऊ शकलं नव्हतं. रेडिओवाले तर नाहीच. एक तर शुक्रवार त्यांचा मशीनचा नसला तरी थकव्याचा दिवस, आणि आले असते तरी ऐकणार काय?

पुढे मोठा पडदा लावला होता. वाहतूक खात्याचे साहेब एकेक रंगीत चित्र दाखवत होते. माणूस बोलायला मवाळ होता, कुणाला तोडून बोलत नव्हता. शाळा हव्यात, दिवे हवेत, पाणी हवं, तर कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागणार, असं तो समजावून सांगत होता. मग तो म्हणाला की या बसबद्दल तक्रारीही आहेत. काही प्रवाशांचे उपचार केव्हाच संपलेत, तरी ते हॉस्पिटलच्या नावाखाली बसतात. अशा लोकांमुळे खऱ्या गरजू माणसाची सोय जाते.

हॉलमध्ये कुजबुज झाली. मुलगा बाईंच्या कानाशी पुटपुटला, "बघ, असले फुकटे असतात म्हणून बाकीच्यांना भोगावं लागतं."

बाईंनी पदर खांद्यावर सारखा केला आणि त्या उभ्या राहिल्या.

"ती मी," त्या म्हणाल्या.

त्यांना माईक दिला गेला, पण त्याची गरज नव्हती. आवाज जुनाच होता. हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"साहेब म्हणतायत ते खरं आहे. माझा गुडघा बरा झालाय, गेल्या हिवाळ्यातच. तरी मी मंगळवारी आणि शनिवारी जाते. एका माणसाशी बोलायला जाते. त्यांना मशीनवर पडून राहावं लागतं आणि माझ्याशिवाय कुणाचं ऐकू येत नाही." बाईंनी माईक खाली केला. "आणि माझं ऐकणारंही दुसरं कुणी नाही."

मुलाची मान खाली गेली. सून सासूकडे बघत होती, नजर न हलवता.

"माझी सीट काढून घ्या," बाई पुढे म्हणाल्या. "पण माझ्यासाठी बस बंद करू नका. त्या बसमध्ये असे आहेत की एक फेरी चुकली तर अंगाला सूज येते, श्वास लागतो. त्यांनी काय करायचं?"

सभेच्या अध्यक्षांनी चष्मा काढला. त्यांनाही घरी आई असावी. "आजी, तुमच्या भावना पोचल्या," ते म्हणाले. "पण माणसाशी बोलायला जाण्याचा खर्च मी कुठल्या खात्यात टाकू, तुम्हीच सांगा."

"ते मला नाही सांगता यायचं," बाई म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

निर्णय महिन्याभराने आला. बस राहिली, पण फक्त डॉक्टरची चिठ्ठी असणाऱ्यांसाठी. बँक, बाजार, भेटीगाठी, सगळं बंद. काठीवाल्या आजींनी बाईंच्या घरी निरोप पाठवला, की तुमच्यामुळे निदान पेशंटची तरी बस वाचली, देव तुमचं भलं करो. बाईंनी निरोप आणणाऱ्याला पाणी दिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन त्या बराच वेळ भाजी निवडत बसल्या, निवडून झालेलीच पुन्हा.

मुलगा सभेनंतर त्या विषयावर बोललाच नव्हता. घरी परतताना स्कूटरवर एवढंच विचारलं होतं, "कोण आहेत ते?" आणि बाई म्हणाल्या होत्या, "रेडिओ दुरुस्त करायचे." पण बाईंचं जेवण निम्म्यावर आलंय हे त्याला दिसत होतं. सूनही काहीतरी बोलली असणार. एका रविवारी त्याने सकाळीच स्कूटर पुसून काढली आणि आईकडे न बघता म्हणाला, "चल, सोडतो तुला त्यांच्याकडे."

रेडिओवाले भाचीकडे राहत. भाचीने स्वागत चांगलं केलं. चहा झाला. बैठकीच्या खोलीत भाची, तिचा नवरा, दोन मुलं, बाईंचा मुलगा, सगळे गोल करून बसले. रेडिओवाल्यांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि केस चापूनचोपून बसवले होते. त्यांची खुर्ची भिंतीशी होती, डावा कान भिंतीकडे. बाईंना समोरचा सोफा मिळाला होता. मध्ये सगळा चहाचा पसारा.

"मामा, पाहुण्या आल्यात," भाचीचा नवरा ओरडून म्हणाला. "गुडघा कसा आहे विचारा."

रेडिओवाल्यांनी मान हलवली. बाईंनीही हलवली. उठून पलीकडे जावं, खुर्ची फिरवावी, त्यांच्या कानाशी वाकावं, एवढंच करायचं होतं. भरल्या हॉलमध्ये उभं राहून बोललेल्या बाईंना ते जमलं नाही. एवढ्या लोकांसमोर कसं वाकायचं? आणि वाकून बोलायचं तरी काय? भाचीने पावसापाण्याचं विचारलं, मुलाने रस्त्यांचं सांगितलं. अर्ध्या तासाने सगळे उठले. दारात रेडिओवाले सभ्यपणे हात जोडून म्हणाले, "येत जा." त्यांचे डोळे बाईंच्या ओठांकडे लागले होते.

"येते," बाई म्हणाल्या. त्यांना ऐकू आलं की नाही, कळलं नाही.

परतीच्या वाटेवर मुलाने स्कूटर जरा हळू चालवली. "बरं वाटलं ना?" त्याने विचारलं.

"खूप बरं वाटलं," बाई म्हणाल्या. तो इतक्या मनाने घेऊन आला होता, त्याला दुसरं काय सांगणार? पण त्यानंतर त्यांनी पुन्हा जायचं नाव काढलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी बाई आपल्या फाटकाशी उभ्या होत्या. काही ठरवून नव्हे. पाय आपसूक तिकडे गेले. बस लांबून दिसली, जवळ आली आणि पुढे न जाता थांबली. ड्रायव्हर खाली उतरला.

"मावशी, आत घेता येत नाही," तो खाली बघत म्हणाला. "पण मागचा टायर मऊ लागतोय. बघायला नको का?"

आणि तो खरोखरच बसच्या मागे जाऊन टायरला लाथा मारत उभा राहिला. बाई खिडकीशी गेल्या. आतून रेडिओवाल्यांनी काच सरकवली. ते हल्ली डाव्या रांगेत, खिडकीला डावा कान येईल असे बसू लागले होते. शेजारची सीट रिकामी होती.

"जेवण जातंय का?" बाईंनी विचारलं.

"जातंय. तुमचं?"

"जातं की."

"बरं."

मागच्या सीटवरच्या काठीवाल्या आजींनी मुद्दाम दुसरीकडे तोंड केलं होतं. तेवढ्यात ड्रायव्हरने टायरला शेवटची लाथ मारली, हात झटकले आणि तो वर चढला.

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शनिवारी टायर मऊ होऊ लागला. मधले दिवस बाई काय काय साठवून ठेवायच्या. स्वयंपाक करताना, अंथरूण घालताना, मनात वाक्यं जुळवायच्या. कुठलं आधी सांगायचं, कुठलं मागाहून. आणि काच सरकली की सगळं जागच्या जागी विरून जायचं. जेवण जातंय का, झोप लागते का, एवढंच तोंडातून यायचं. आणि त्यांचंही तसंच.

त्या शनिवारीही तसंच झालं. "आज थंडी आहे," रेडिओवाले म्हणाले. "मफलर घ्यायचा होता," बाई म्हणाल्या. बस निघाली. उताराला लागली, मग पुलाशी वळली आणि दिसेनाशी झाली.

आणि मग बाईंना एकेक आठवू लागलं. नातीचा दात पडला ते. शेजारच्यांनी कुत्रं पाळलंय आणि ते मुलाला बघून भुंकत नाही, ते. स्वप्नात त्या एक्स्चेंजमध्ये बसल्या होत्या आणि सगळ्या लाईनी मोकळ्या होत्या, ते. मागच्या वेळी तुमचा हात फार सुजलेला दिसला, डॉक्टरांना सांगितलंत का, ते.

त्या फाटकाला धरून तिथेच उभ्या राहिल्या, सगळं आठवून होईपर्यंत. आतून सुनेने हाक मारली नाही. तिने त्यांचा चहा झाकून ठेवला आणि ती आपल्या कामाला लागली.